टपाल आलं नाही

पेशंटने गोळी गिळली की जिभेखाली ठेवली, हे आशालता खराडेला त्याच्या गळ्याकडे बघून कळायचं. आधी मिरजेच्या आणि गेली पाच वर्षं ऑकलंडच्या वॉर्डात तिने उशीखालून, चहाच्या कपातून, फुलदाणीतून इतक्या गोळ्या हुडकून काढल्या होत्या की माणूस आपणहून खरं बोलतो यावरचा तिचा विश्वास पार उडाला होता. घरातही तिची नजर तीच. नवरा ‘जेवलो’ म्हणाला की ती सिंकमधलं ताट बघायची. लेक ‘कधीच झोपले होते’ म्हणाली की टेबललॅम्पला हात लावून बघायची, गरम आहे का. वाईट हेतू काहीच नव्हता. पण संशयाला हेतू लागतोच कुठे!

१९९६च्या जानेवारीतल्या त्या बुधवारी ऑकलंडच्या ओटाहुहू उपनगरातल्या त्यांच्या छोट्या लाकडी घरी अनुयाचा बर्सरीचा निकाल यायचा होता. बर्सरी म्हणजे फॉर्म सेव्हनची शेवटची परीक्षा, आपल्याकडची बारावीच म्हणा. पाच विषय, पाचशे मार्क आणि त्यावर पुढचं सगळं. अनुयाला डॉक्टर व्हायचं होतं. ड्युनेडिनच्या युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला नाव घातलेलं होतं, हॉस्टेलची खोली धरून ठेवलेली होती, आणि निकाल बघून याच आठवड्यात खोलीचं हो की नाही कळवायचं होतं. हे सगळं पोरीने स्वतःचं स्वतः ठरवलं, असं आशालता लोकांना सांगायची. खरं तर ते मायलेकींनी मिळून ठरवलं होतं आणि त्यात मायचा वाटा बारा आणे होता.

त्याला कारण धैर्यशील. तिचा हा नवरा मिरजेत चांगला चालता दवाखाना असलेला डॉक्टर. पण तिकडची डिग्री इकडे चालत नाही, पुन्हा परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत तो दोनदा आपटला होता. नोव्हेंबरात तिसऱ्यांदा बसला. ही शेवटची, असंही त्यानेच जाहीर केलं. निकाल मार्चशिवाय लागत नाही म्हणाला, आणि तोवर आशालताच्याच हॉस्पिटलात रात्रपाळीला ऑर्डर्ली म्हणून पेशंटच्या ट्रॉल्या ढकलत राहिला. इस्लामपूरला दिरांना पत्र लिहिताना आशालता लिहायची, ‘हे इथल्या मोठ्या हॉस्पिटलात असतात.’ यात एक अक्षर खोटं नव्हतं. दीर उलट टपाली विचारायचे, कुठल्या विभागात? मग पुढच्या पत्रात हवापाण्याचं वर्णन जरा वाढायचं.

तर आता घराण्यात डॉक्टर व्हायचं ते अनुयाने. आणि अनुयाने व्हायचं, तर आजचं पाकीट चांगलं निघायला हवं.

निकाल असा पाकिटातून यावा हेच आशालताला मुळात पटत नव्हतं. मिरजेत निकाल हा गावाचा मामला. पेपरात नंबर छापून येणार, शाळेच्या फळ्यावर यादी लागणार, नापास झालात तर ते तुमच्याआधी गल्लीला कळणार आणि पास झालात तर संध्याकाळच्या आत पेढे. इथे मुलीच्या नावाने एक बंद पाकीट येतं, ते मुलगी फोडते, आणि आईबापांना सांगायचं की नाही ते तिचं ती ठरवते. असल्या चोरट्या निकालाला ती निकाल मानायलाच तयार नव्हती.

त्यात गेल्या वर्षीचा अनुभव. सिक्स्थ फॉर्मचं सर्टिफिकेट आलं तेव्हा त्यावर एक, दोन, एक, एक, दोन असे आकडे होते, नवापैकी. आशालताने ते पाहिलं आणि मटकन खाली बसली. अनुया हसत सांगत होती की आई, इथे एक म्हणजे बेस्ट, नऊ म्हणजे ढ. नवापैकी एक मिळवणारी पोर आणखी काय सांगणार? आशालताने सरळ शाळेत फोन लावला आणि ऑफिसातल्या बाईकडून दोनदा वदवून घेतलं. अनुया बाजूला उभी होती. त्यानंतर दोन दिवस ती आईशी इंग्रजीतच बोलली.

पण तो झाला इतिहास. या वेळी आशालताने ड्यूटीच बदलून घेतली होती. सकाळी नऊपासून ती स्वयंपाकघराच्या खिडकीत, समोर भाजीची परडी, नजर फाटकापाशीच्या मेलबॉक्सवर. धैर्यशील रात्रपाळी करून पडदे ओढून झोपला होता. अनुया पुढच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. त्या पुस्तकाचं पान वीस मिनिटांत उलटलं नव्हतं, याची नोंद आशालताने घेतली होती.

साडेदहाला फोन वाजला. फोन पॅसेजमध्ये आणि पॅसेजला खिडकी नाही. पलीकडे नीलिमा. ती टाकानिनीला राहायची, ओटाहुहूच्याच एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती, आणि तिचा मुलगा नितीश अनुयाच्याच वर्गात. त्याचं पाकीट आत्ताच आलं होतं. ए बर्सरी, तीनशे अठरा. नीलिमाच्या आवाजात नुसता गुलाल उधळलेला. आशालताने तोंडाने अभिनंदन केलं आणि मनात पाचाने भागलं. त्रेसष्ट टक्के. त्रेसष्ट टक्क्यांना एवढा आनंद? म्हणजे हिला काहीतरी झाकायचंय, असं वाटून ती आणखी चार प्रश्न विचारत बसली आणि त्यात दहा मिनिटं गेली. इथे तीनशेच्या वर ए मिळते आणि त्याला मुलं रक्त आटवतात, हे अनुयाने तिला वर्षभर सांगितलं होतं. ते तिने ऐकलंही होतं. पटवून घेतलं नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा पोस्टीची, म्हणजे इथल्या पोस्टमनची, सायकल गल्लीच्या टोकाला पोचली होती.

अनुया तिथेच, पायरीवर. “काही नाही आलं,” ती पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली. “मे बी उद्या.”

आशालता फाटकापाशी गेली. मेलबॉक्स उघडला. आत काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही, आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. त्या मेलबॉक्समध्ये रोज काहीतरी असायचंच. कारपेटचा सेल, पिझ्झाची कुपनं, चर्चचं आमंत्रण, आधीच्या भाडेकरूची बिलं. एवढा झाडून पुसून स्वच्छ मेलबॉक्स तिने पाच वर्षांत पाहिला नव्हता. टपाल न आलेला डबा असा दिसत नाही. टपाल काढून घेतलेला डबा असा दिसतो.

घरात न जाता ती पायातल्या जँडल्सवरच, म्हणजे रबरी चपलांवरच, गल्लीच्या टोकाकडे निघाली. पोस्टी कोपऱ्यावरच्या डेअरीसमोर, म्हणजे वाणसामानाच्या दुकानासमोर, थांबून पाणी पीत होता. ‘कीया ओरा’ म्हणून त्याने नमस्कार केला. तिने धापा टाकत विचारलं, चौदा नंबरला आज काही होतं का.

“चौदा? हीप्स होतं, ढीगभर,” तो म्हणाला.

आशालता परत फिरली. पाकीट आलं होतं, आणि पोरीने ते लपवलं होतं. चांगलं पाकीट कोण लपवतं? दवाखान्यात इतकी वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळत होतं की लपवलेली गोष्ट कडूच असते.

तिने आरडाओरडा केला नाही. हुशार नर्स कधी पेशंटवर ओरडत नाही, त्याला सैल सोडते आणि नजर ठेवते. तिने अनुयाला पोहे दिले, तिचा चेहरा वाचला. डोळे लाल नव्हते, पण हात थंड होते. पोहे अर्धे टाकून अनुया म्हणाली की मैत्रिणींबरोबर पोहायला जातेय. तिने पोहण्याची निळी बॅग खांद्याला मारली, आणि निघताना का कुणास ठाऊक, बाबांच्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा बघितलं. तेही आशालताने टिपलं. बापाला घाबरते, म्हणजे गेलीच पोर.

फाटक वाजलं तशी आशालता अनुयाच्या खोलीत शिरली. गादी उचलली, उशांचे अभ्रे काढले, कपाटातल्या स्वेटरांच्या घड्या विस्कटल्या. पाकीट नाही. मिळालं ते ऑकलंडच्याच युनिव्हर्सिटीचं माहितीपुस्तक, आणि त्यात कॉमर्सचं पान दुमडलेलं. कॉमर्स. तिच्या मनाने हिशेब जुळवून टाकला: मार्क पडले, ड्युनेडिन गेलं, आणि ही मुकाट्याने दुसरी वाट शोधतेय. की त्या नितीशच्या नादाने? तो कॉमर्सला जाणार होता. तिने नीलिमाला फोन केला आणि पेढ्यांची रेसिपी विचारायच्या निमित्ताने नितीश कुठाय ते काढून घेतलं. नितीश गादीत लोळत होता. मग पोर एकटीच कुठे गेली?

पोहायलाच गेली असेल, अशी मनाची समजूत घालत ती मागच्या दारी वाळलेले कपडे काढायला गेली, आणि दोरीवर अनुयाचे टॉग्ज लटकत होते. पोहायचा अनुयाकडे तो एकच पोशाख होता, आणि तो इथे दोरीवर वाळत होता.

पाच मिनिटांत ती गाडीत होती. पोहायला जाण्याच्या थापा मारून पोरी कुठे जातात, याबद्दल वॉर्डातल्या बायकांकडून तिने जे जे ऐकलं होतं ते सगळं वाटेत तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि एक गोष्ट वारंवार. मागे एकदा इमर्जन्सीत आणलेली एक शाळकरी मुलगी, निकालाच्या दिवशीच. आशालताला रडू फुटलं आणि रडताना तिला रागही येत होता, दोन्ही एकदमच. सिग्नलला मागच्या माणसाने हॉर्न दिला तेव्हा कुठे तिला हिरवा दिसला.

पोहण्याच्या तलावावर अनुया नव्हती, दुकानांच्या रस्त्यावरही नव्हती; शेवटी दिसली ती रेल्वे स्टेशनाबाहेरच्या फोनबूथशेजारी बाकावर बसलेली. एकटीच. निळी बॅग मांडीवर घट्ट धरलेली. आशालताने गाडी वाकडीतिकडी लावली, उतरली, आणि लेक धडधाकट आहे हे बघितल्याबरोबर काळजी गेली नि नुसता राग उरला. तिने नुसता हात पुढे केला. अनुयानेही वाद घातला नाही. बॅगेची चेन उघडून तिने एक पाकीट काढून दिलं. फोडलेलं.

बेरीज खालीच होती. चारशे दोन.

आशालताने पाचाने भागलं. ऐंशी. मग नीलिमाचे तीनशे अठरा तिला आठवले, त्यावर उधळलेला गुलाल आठवला, आणि हळूहळू तिच्या डोक्यात उजेड पडायला लागला. केमिस्ट्री अठ्ठ्याऐंशी. तिने कागद उलटून मागची बाजू बघितली, तिथे काही वाईट लिहिलंय का म्हणून. नव्हतं.

“मग लपवलंस कशाला?”

अनुयाने बॅगेतून दुसरं पाकीट काढलं. लांबट, पांढरं, न फोडलेलं. वर टाइप केलेलं, डॉक्टर डी. एस. खराडे. दोन्ही पाकिटं आज एकाच टपालात आली होती, कारपेटच्या सेलच्या कागदांत गुंडाळून. आशालताने ते हातात घेतलं आणि फोडायची गरजच उरली नाही. पास झालेल्यांना पुढचे फॉर्म येतात, जाडजूड पुडकं येतं, हे सगळ्या डॉक्टर मंडळींत ठाऊक होतं. नापासाला एकच कागद. मागच्या दोन्ही वेळा असंच पातळ होतं.

“ते मार्च म्हणाले होते,” आशालता म्हणाली. अनुयाने खांदे उडवले.

आशालता तिच्या शेजारी बाकावर बसली. एक गाडी आली, थोडी माणसं उतरली, गाडी गेली. मग अनुयाने बाकीचं सांगितलं, तुटक तुटक, निम्मं इंग्रजीत. सकाळी दोन्ही पाकिटं हाताला लागली आणि तिला पहिली आठवण झाली ती गॅरेजमधल्या बाबांच्या डॉक्टरीच्या पुस्तकांची. तसलीच पुस्तकं ती सुट्टीत घरी घेऊन येणार, बाबांसमोर बसून वाचणार, त्यांना अडलेलं विचारणार, आणि ते रात्री उठून ट्रॉल्या ढकलायला जाणार. तिला ते जमणार नव्हतं. म्हणून तिने बूथवरून ड्युनेडिनला फोन करून हॉस्टेलची खोली सोडली होती. इथे घरी राहून कॉमर्स करायचं. मार्क दोनशे ऐंशीच पडले असं सांगायचं.

आशालताने ते ऐकलं. दिवसभर ती ज्या गोष्टीला भीत होती ती घडलीच होती, फक्त निराळ्या वाटेने. पण सवय जाता जात नाही. तिने पातळ पाकीट आपल्या पर्समध्ये घातलं, चेन ओढली आणि म्हणाली, “हे असू दे माझ्याजवळ. त्यांना रविवारी सांगू, सुट्टी असते तेव्हा. आज फक्त तुझं.”

अनुया बाकावरून उठली. “आई, मी सकाळपासून तेच तर करतेय,” ती म्हणाली. “आणि तू मला चोर समजून शोधत आलीस.”

चूक पोरीची नव्हती हे आशालताला उमगलं होतं. या घरात अडचणीच्या गोष्टी पर्समध्ये जातात आणि पत्रात हवापाणी येतं, हे अनुया पाच वर्षं बघत आली होती.

घरी आल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. धैर्यशील उठला होता. बनियनवर, केस विस्कटलेले, स्वयंपाकघराच्या टेबलाशी चहा घेऊन बसला होता. त्याने दोघींचे चेहरे पाहिले, मग आशालताच्या पर्सवर घट्ट दाबलेला तिचा हात पाहिला.

“पातळ आहे?” त्याने विचारलं.

खोटं बोलायला दोन क्षण होते, आणि ते आशालताने नुसते जाऊ दिले. मग पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्याने ते उचललं, दोन बोटांत धरून वजन बघितल्यासारखं केलं, न फोडता खाली ठेवलं आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“मार्च मी आपलं सांगितलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही दोघींनी रोज फाटकाशी उभं राहू नये म्हणून.”

साऱ्या जगावर नजर ठेवणाऱ्या बाईने नवऱ्याची ही थाप तेवढी मुकाट्याने गिळली होती. कारण ती तिलाही सोयीची होती. त्याने मग अनुयाकडे हात केला. तिने आपला कागद दिला. त्याने तो विषयवार वाचला, डॉक्टर रिपोर्ट वाचतो तसा, आणि फिजिक्समध्ये कुठे गेले एवढंच विचारलं. त्याच्या तोंडावर आनंद होता आणि तो खरा होता, हे आशालताला कुठलीही तपासणी न करता दिसलं. तिला ते बघवेना.

“खोलीचं कळवलंस?” त्याने विचारलं.

अनुयाने आईकडे पाहिलं. आता पर्सची चेन ओढायची की नाही, ते आशालताच्या हातात होतं.

“सोडली तिने,” आशालता म्हणाली. “तुमच्यामुळे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

धैर्यशील उठला. तो कधी चिडत नसे, नावाप्रमाणेच वागायचा, पण आता त्याची मान लाल झाली. त्याने अनुयाला नंबर विचारला. तिने पुटपुटत सांगितलं की खोली एव्हाना दुसऱ्या कुणाला दिली असेल, आणि आता उपयोग नाही. त्याने नंबर पुन्हा विचारला. मग पॅसेजमध्ये जाऊन बनियनवरच त्याने ड्युनेडिनला फोन लावला, आणि त्याच्या मिरजेच्या इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करत सांगितलं की मी अनुया खराडेचा बाप, सकाळी तिने खोली सोडली ती चूक झाली, आम्हाला ती परत हवी आहे. फोनवरच्या बाईने फॉर्म शोधला. तिचा आवाज मोठा होता, पॅसेजभर ऐकू येत होता.

“डॉक्टर खराडे का?” तिने विचारलं.

तो फॉर्म सप्टेंबरात आशालताने भरला होता. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला होता, ठळक अक्षरांत.

धैर्यशीलने बायकोकडे पाहिलं. मग भिंतीकडे वळून म्हणाला, “नाही. मिस्टर खराडे. मी हॉस्पिटलात ऑर्डर्ली आहे.”

पाच वर्षांत हा शब्द त्या घरात मोठ्याने कुणी उच्चारला नव्हता. आता पलीकडची बाई काहीतरी म्हणणार, आवाज बदलणार, फाइल मिटणार, असं आशालताला वाटत होतं. पलीकडून ‘स्वीट ॲज’, म्हणजे ‘झकास’, असं आलं आणि पेनाचं बटण दाबल्याचा आवाज आला. मग बाईने विचारलं, फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात डॉक्टर लिहिलंय, ते खोडू का?

“खोडा,” धैर्यशील म्हणाला. “आणि खोली आहे का ते सांगा.”

खोली होती. अनुया तिथेच पॅसेजमध्ये जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडली. आशालता भिंतीला टेकून उभी होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. तिला लाज वाटली, आणि या वेळी ती नवऱ्याची नव्हती.